दिवाळीच्या सुट्टीत ४० विद्यार्थ्यांचं सेवा शिबिर विदर्भातल्या खेड्यात घ्यायचं असेल तर काम कोणतं निवडावं?

तुम्ही विचारलंय की कॉलेजचे ४० जण दिवाळीच्या सुट्टीत सात दिवस एखाद्या गावात राहणार आहेत, तर वृक्षारोपण करावं की शाळेची रंगरंगोटी. माझं स्पष्ट मत: दोन्ही नको. वनराई बंधारा बांधा, म्हणजे मातीनं भरलेल्या पिशव्या रचून नाल्याला घातलेला तात्पुरता बांध.

झाडं लावायची तर जूनअखेर ते जुलै. दिवाळीत लावलेल्या रोपाला पुढचे सात महिने कुणीतरी पाणी घालावं लागतं. सुगी आटोपली की गुरं मोकाट सुटतात आणि मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. रंगरंगोटीला बाहेरच्या ४० माणसांची गरजच नसते, गावातला पेंटर चार दिवसांत ते काम करतो आणि त्याला मजुरीही मिळते. पण पावसाळा सरल्यावर नाल्याला जे पाणी वाहत असतं ते अडवायला कमी दिवसांत पुष्कळ हात लागतात. ते नेमके तुमच्याकडे आहेत. नंतर नाला आटला की बांधून काही उपयोग नाही.

एक गोष्ट आधीच ध्यानात घ्या. या दिवसांत सोयाबीन निघालेलं असतं, पण कापसाची वेचणी सुरू असते आणि हरभऱ्याची पेरणी चाललेली असते. अख्खं गाव तुमच्यासोबत दिवसभर राबेल अशी अपेक्षा धरू नका. सकाळी तासभर आठ-दहा कास्तकार आले तरी भरून पावलं समजा.

गाव निवडायला किमान दोन चकरा करा. पहिली सप्टेंबरमध्ये: सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि नाल्याकाठी ज्यांची वावरं आहेत ते, अशा सगळ्यांना भेटा. दोन्ही काठांच्या शेतकऱ्यांची संमती हवी, एका काठाचा राजी आणि दुसऱ्याचा नाराज असेल तर तिथं बांधू नका. ग्रामपंचायतीचा ठराव घ्या. नाला वनजमिनीतून जात असेल, आणि गडचिरोली, मेळघाट, चंद्रपूरकडे तो बरेचदा जातो, तर वन विभागाची परवानगी लागते. गावाला सामूहिक वनहक्क मिळाला असेल तर ग्रामसभेशी आधी बोला. दुसरी चक्कर शिबिराच्या आठ-दहा दिवस आधी, फक्त पाणी पाहायला. नाला वाहत नसेल तर जागा बदला. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात मात्र हे काम घेण्याआधी कृषी सहायकाला विचारा. तिथलं भूजल खारट असल्यानं मुरवलेलं पाणी पिण्याला फारसं कामी येत नाही.

आता बंधारा. नाला ६ मीटरपेक्षा रुंद नको, काठ घट्ट हवेत, तळाशी जाड वाळूचा थर नको. उंची १ मीटर पुरे आणि ती काठाच्या कडेपेक्षा किमान एक हात खालीच राहिली पाहिजे. नाहीतर पाणी बंधाऱ्यावरून न जाता बाजूच्या वावरात शिरतं आणि शेतकरी पुन्हा तुम्हाला उभं करत नाही. तळाशी रुंदी २ मीटर, माथ्याला ६० सेंमी ठेवली तर ६ मीटर लांबीसाठी सुमारे ८ घनमीटर भराव लागतो. सिमेंटची रिकामी पिशवी दोन-तृतीयांश भरली की तिचं वजन ३० ते ३५ किलो होतं. अशा साधारण साडेतीनशे पिशव्या लागतील, म्हणून एका बंधाऱ्यामागे ४०० गोळा करा. काही फाटक्या निघतातच. घरकुलांची कामं चालू असतात त्या गावांत आणि ठेकेदारांकडे त्या मिळतात. खताच्या पिशव्याही चालतात. कीटकनाशकाचे डबे, बाटल्या मात्र कशालाच वापरायच्या नाहीत, पाणी आणायला तर मुळीच नाही.

पहिलं काम तळ साफ करण्याचं. वाळू, गाळ, पालापाचोळा काढून कडक जमीन लागेपर्यंत सुमारे ३० सेंमी खोल चर आडवा खोदा आणि दोन्ही काठांत तो अर्धा ते एक मीटर आत न्या. इथंच बहुतेक बंधारे बिघडतात. काठात न घुसवलेल्या बंधाऱ्याच्या बगलेतून पाणी वाट काढतं आणि आठवड्याभरात काठ कापून टाकतं. पिशव्यांसाठी माती वरच्या अंगाची, बंधाऱ्यापासून १० मीटर तरी लांबची घ्या. त्यामुळं साठाही वाढतो. खालच्या अंगाला खड्डा केलात तर बंधाऱ्याचा पाया सरकतो. नुसती वाळू भरू नका, पाणी तिच्यातून आरपार जातं.

पिशवी गच्च भरायची नाही, थोडी सैल ठेवली की ती खालच्या पिशव्यांवर बसते आणि फटी राहत नाहीत. तोंड दाभण-सुतळीनं शिवा. थर विटांसारखे सांधा चुकवून रचा, प्रत्येक थर पायांनी तुडवा. माथा मध्यभागी दोन-तीन बोटं खाली ठेवा म्हणजे जास्तीचं पाणी मधूनच सांडेल, काठाला धक्का लागणार नाही. ते जिथं पडेल तिथं मोठे दगड पसरा. सगळ्यात शेवटी वरच्या अंगाला काळ्या मातीचा चिखल मळून हातानं लिंपा. फुगणारी काळी माती इथं मित्र आहे. या लेपावाचून पाणी पिशव्यांच्या सांध्यांतून झिरपत राहतं.

तीन जणांची एक टोळी: एक पिशवी धरतो, एक फावड्यानं भरतो, एक शिवतो. आठ टोळ्या तीन तासांत तीनशेच्या आसपास पिशव्या भरतील, बाकीचे १६ चर खोदतील. दुसऱ्या सकाळी रचाई, तिसऱ्या सकाळी लिंपण आणि गळती बुजवणं. पहिला दिवस पोचण्यात आणि शेवटचा निघण्यात जातो, म्हणजे पाच सकाळी हातात राहतात; पहिल्याच्या लिंपणासोबतच दुसऱ्याच्या पिशव्या भरायला घेतल्या तर एकाच नाल्यावर दोन बंधारे होतील. तिसरा धरू नका. घाईत लिंपण राहून जातं.

याचा फायदा किती, हे मुलांना खरं सांगा. नाल्याचा उतार शंभर मीटरला एक मीटर असेल तर पाणी शंभर मीटर मागे तुंबतं, सरासरी खोली अर्धा मीटर धरली तर ३०० घनमीटर, म्हणजे ३ लाख लिटर. एक एकर रानाला एकदा ५ सेंमी पाणी द्यायला २ लाख लिटर लागतात. उभा साठा म्हणजे हरभऱ्याच्या दीड एकराचं एक ओलीत. खरी कमाई अशी की नाला वाहता असेपर्यंत साठा पुन्हा भरतो, लगतच्या विहिरींची पातळी टिकते आणि गुरांना पाणी मिळतं.

राहायला जिल्हा परिषदेची शाळा सोयीची, सुट्टी असल्यानं मोकळी असते. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीची लेखी परवानगी घ्या. १५ जणांमागे एक संडास धरा, मुलींचे वेगळे. तेवढे नसतील तर मुलंच कमी करा. पाणी माणशी दिवसाला ४० लिटर, त्यात ५ पिण्याचं. म्हणजे रोज १६०० लिटर. गावाच्या टाकीवर एवढा भार पडू देऊ नका, टँकरची सोय आधी करा. शिधा रोजचा असा: कणीक ९ किलो, तांदूळ ६, तूरडाळ ३, पोहे ३, तेल दीड-दोन लिटर. भाजी गावातूनच घ्या आणि रोखीनं घ्या. स्वयंपाकाला बचत गटाच्या बायांना ठरलेल्या मजुरीवर बोलवा.

सुरक्षेबाबत थोडं कडक राहा. रात्री वावरातून फिरायचं नाही. रानडुकरांसाठी काही ठिकाणी कुंपणाच्या तारेत वीज सोडलेली असते आणि त्यात माणसं दगावतात. खाली झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचायची, मण्यार रात्रीच फिरते. चावा घेतल्याचं कळतही नाही. सापाचं विष उतरवणारी लस सर्वांत जवळच्या कोणत्या रुग्णालयात आहे ते जाऊन विचारून या, १०८ ला गावातून रेंज मिळते का तेही पाहा. ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या आसपास वाघामुळं पहाटे-सांजेला एकट्यानं नाल्याकडे जाणं बंद. कापसावर फवारणी चालू असेल त्या वावरात थांबायचं नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर गेले, तो हंगामही हाच होता. आणि साखर-मिठाचं पाणी सगळ्यांना बनवता यावं: एक लिटर पाण्यात चहाचे सपाट सहा चमचे साखर, त्याच चमच्यानं अर्धा चमचा मीठ.

कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजना असेल तर कार्यक्रम अधिकाऱ्याला सोबत घ्या. १९६९ पासूनच्या या योजनेत सात दिवसांचं विशेष शिबिर धरलेलंच आहे, त्यामुळं पालकांची संमतीपत्रं आणि पत्रव्यवहार सोपा होतो. वेळ असेल तर तुमच्यातल्या दोघा-चौघांनी मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावाजवळच्या सोमनाथला बाबा आमटेंनी सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीत भाग घ्यावा. शेकडो तरुणांच्या शिबिरात दिवस कसा आखतात ते तिथं पाहून शिकता येतं. उन्हाळ्यात तुम्ही स्वतः शिबिर घेणार असाल तर काम सकाळी साडेपाच ते साडेआठ, त्यापुढे नाही. गडचिरोली-गोंदियाकडे तेंदूपत्त्याचा हंगाम टाळा, त्या दिवसांत घरं पहाटेच रिकामी होतात.

संध्याकाळी भाषणं ठेवू नका. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होत असेल तर जाऊन बसा, नंतर म्हाताऱ्यांना विचारा की नाला पूर्वी कोणत्या महिन्यापर्यंत वाहायचा. जुने कपडे वाटू नका, घराघरांत शिरून फोटो काढू नका. तुम्ही पाहुणे आहात.

निघण्यापूर्वी ग्रामपंचायतीच्या वहीत तीन नावं लिहून घ्या: गळती कोण पाहणार, पाणी कोण कधी उपसणार, आणि मेअखेर पिशव्या कोण काढणार. उन्हानं पिशव्या झिजतात. पहिल्या पुरात त्या फुटल्या की प्लास्टिकच्या चिंध्या खालच्या वावरांत जातात. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात चार जण एसटीनं जाऊन पाणी पाहून या. बंधारा झिरपत असेल तर दहा-पंधरा पिशव्या आणि काळी माती घेऊन अर्ध्या दिवसात तो दुरुस्त होतो.