रिचर्ड राइट गेले तेव्हा चाहते एवढे का हळहळले?

आपण विचारले आहे की, पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचे कीबोर्डवादक रिचर्ड राइट यांचे २००८ मध्ये निधन झाले तेव्हा त्यांना कधीही न भेटलेल्या लोकांनी घरचे माणूस गेल्यासारखा शोक का केला. ते ना बँडचे मुख्य गायक होते, ना मुख्य गीतकार, ना गिटारवादक. मी त्या शोक करणाऱ्यांपैकीच एक असल्यामुळे तटस्थपणाचा आव न आणता उत्तर देतो. ज्या नादाला आपण ‘पिंक फ्लॉइडचा नाद’ म्हणतो त्याचा फार मोठा भाग राइट यांच्या हातून आलेला होता, आणि त्यांच्या हयातीत ही गोष्ट कोणी पुरेशी बोलून दाखवली नव्हती. ते गेल्यावर अनेकांना एकाच वेळी दोन गोष्टी कळल्या: हा नाद कोणाचा होता, आणि तो आता पुन्हा निर्माण होणार नाही.

१५ सप्टेंबर २००८ रोजी, वयाच्या ६५ व्या वर्षी, कर्करोगाशी अल्पकाळ झुंज देऊन ते गेले. त्यांच्या आजारपणाची जाहीर वाच्यता झालेली नव्हती. दोनच वर्षांपूर्वी ते बँडचे गिटारवादक डेव्हिड गिल्मर यांच्या दौऱ्यात वाजवत होते, आणि तेही इतके मनापासून की हा त्यांचा उतरणीचा नव्हे तर नव्याने बहरण्याचा काळ आहे असे ऐकणाऱ्याला वाटावे. त्यामुळे मनाची तयारी करायला कोणालाही अवधी मिळाला नाही.

पण बातमीच्या धक्क्याने दुःखाची खोली समजत नाही. त्यासाठी संगीताकडेच जावे लागते. ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या १९७३ च्या अल्बममधील ‘अस अँड देम’ ही रचना घ्या. राइट यांनी तिची मूळ चाल दिग्दर्शक मिकेलांजेलो अँतोनियोनी यांच्या ‘झाब्रिस्की पॉइंट’ या चित्रपटासाठी पियानोवर बांधली होती आणि दिग्दर्शकाने ती नाकारली होती. काही वर्षांनी तीच चाल या अल्बममध्ये आली. तिच्या कडव्यात खालच्या पट्टीत एकच स्वर, पाश्चात्त्य संज्ञेतील डी, जवळजवळ अढळ राहतो आणि वर कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचे गुच्छ, बदलत जातात. त्या स्वराला षड्ज मानून ऐकले तर तिसऱ्या कॉर्डमध्ये कोमल गंधार आणि शुद्ध निषाद एकत्र उभे राहतात, आणि लगेच पुढच्या कॉर्डमध्ये शुद्ध मध्यम व शुद्ध धैवत येऊन तो ताण सैल होतो. पटदीप ऐकलेल्या कानाला कोमल गंधार आणि शुद्ध निषाद यांच्या सान्निध्यातील हुरहूर ओळखीची वाटेल. गीताचे शब्द युद्धाविषयी, सामान्य सैनिकाविषयी आहेत. परंतु शब्द समजण्याच्या आधीच ऐकणाऱ्याला जी अस्वस्थ शांतता जाणवते ती या चार कॉर्डची आहे. ती लिहिणारा माणूस मागच्या बाजूला, हॅमंड ऑर्गनपाशी बसलेला होता.

राइट यांचा मूळ ओढा जॅझकडे होता. याच अल्बममधील ‘ब्रीद’ या गीतातील एक कॉर्ड आपल्याला माइल्स डेव्हिस यांच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बमवरून सुचल्याचे त्यांनी स्वतः सांगितले होते. प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांचा रॉक, त्यातील कीबोर्डवादक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वेगळेच चित्र येते. रिक वेकमन यांची वाद्यांच्या भिंतीत उभे राहून केलेली द्रुत कारागिरी, किंवा कीथ एमरसन यांचा ऑर्गनमध्ये सुरे खुपसण्यापर्यंत जाणारा थरार, हे त्या परंपरेचे एक टोक. त्या दोघांची महत्ता मी कमी लेखत नाही. २०१६ मध्ये एमरसन गेले तेव्हाही चाहते असेच व्याकूळ झाले होते. परंतु राइट दुसऱ्या टोकाला होते. किती कमी वाजवले तर पुरेल, एक स्वर किती वेळ धरून ठेवला तर त्याचा अर्थ बदलेल, गिटारला कोठे जागा मोकळी करून द्यायची, हा त्यांचा विचार होता. अशा वादकाकडे मैफलीत कोणी बोट दाखवत नाही, आणि तो नसला की सगळी मैफल पोकळ वाटू लागते.

‘एकोज’ ही १९७१ च्या ‘मेडल’ अल्बमची संपूर्ण दुसरी बाजू व्यापणारी, २३ मिनिटांहून मोठी रचना या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. तिची सुरुवात एकाच स्वराने होते. पियानोवरचा वरच्या सप्तकातील तो स्वर फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढलेला असल्यामुळे खोल पाण्यातून आल्यासारखा ऐकू येतो. पुढे गिल्मर आणि राइट एकत्र गातात. दोघांचे आवाज इतके मिसळतात की पुष्कळ ऐकणाऱ्यांना तेथे दोन गायक आहेत हे वर्षानुवर्षे लक्षातही येत नाही. गिटार आणि ऑर्गन एकमेकांना प्रश्न विचारतात, थांबतात, उत्तर देतात. २६ ऑगस्ट २००६ रोजी पोलंडमधील ग्दान्स्कच्या जहाजबांधणी गोदीत झालेल्या कार्यक्रमात या दोघांनी ‘एकोज’ पुन्हा वाजवली, आणि त्या कार्यक्रमाचा अल्बम २२ सप्टेंबर २००८ रोजी, म्हणजे राइट यांच्या निधनानंतर बरोबर एका आठवड्याने, बाजारात आला. प्रकाशनाची तारीख आधीच ठरलेली होती. हा निव्वळ योगायोग होता. पण त्यामुळे चाहत्यांच्या हाती श्रद्धांजलीच्या मजकुरांबरोबर त्यांचे जिवंत, मोकळे, मित्राशी बोलणारे वादन आले. मी ते त्याच आठवड्यात ऐकले. वाजवणारा साठी ओलांडलेला माणूस तरुणपणीच्या संवादात नव्याने भर घालत होता, हे कळत असताना तो संवाद संपल्याचेही ठाऊक होते. माझ्यापुरते सांगायचे तर शोकाचा खरा क्षण तोच.

आता राइट यांना बँडमधून बाहेर पडावे लागले त्या गोष्टीकडे येतो, कारण तिच्याशिवाय या शोकातील कडवटपणा समजणार नाही. १९७९ मध्ये ‘द वॉल’ या अल्बमचे ध्वनिमुद्रण चालू असताना बँडचे बासवादक आणि मुख्य गीतकार रॉजर वॉटर्स यांच्या आग्रहावरून राइट यांना बँड सोडावा लागला. आपले त्या काळातील योगदान तुटपुंजे होते, आपले व्यक्तिगत आयुष्यही त्या वेळी मोडकळीला आले होते, हे राइट यांनी नंतर लपवले नाही. तेव्हा या प्रकरणात एकालाच खलनायक करण्यात अर्थ नाही. तरी १९८० आणि १९८१ मधील ‘द वॉल’च्या कार्यक्रमांत ते स्वतःच स्थापन केलेल्या बँडमध्ये पगारी वादक म्हणून बसले, ही वस्तुस्थिती चाहत्यांना कायम बोचत राहिली. त्या खर्चिक कार्यक्रमांत तोटा सोसावा लागला तो उरलेल्या तिघांना, आणि पैसे मिळाले ते फक्त राइट यांना, हेही तितकेच खरे. १९८३ च्या अल्बममध्ये ते नव्हतेच. १९८७ मध्ये ते परतले तेही प्रथम मानधनावर, आणि १९९४ च्या ‘द डिव्हिजन बेल’मध्ये त्यांना पुन्हा बरोबरीचे स्थान मिळाले. त्यातील ‘वेअरिंग द इनसाइड आउट’ हे गीत त्यांनीच गायले आहे. दीर्घ मौनातून हळूहळू बाहेर येणाऱ्या माणसाचे ते गीत आहे, आणि त्यांचा इतिहास ठाऊक असलेल्याला ते ऐकताना त्यांच्यापासून वेगळे करता येत नाही.

निधनानंतर गिल्मर यांनी जे निवेदन दिले त्यात हीच खंत होती: पिंक फ्लॉइड म्हणजे नेमके कोण, या वादांच्या गदारोळात रिक (म्हणजे राइट) यांचे प्रचंड योगदान वारंवार विसरले गेले, अशा आशयाचे ते बोलणे होते. वॉटर्स यांनीही १९६० आणि १९७० च्या दशकांतील बँडमध्ये राइट यांच्या सांगीतिक आवाजाचे महत्त्व कितीही सांगितले तरी अतिशयोक्ती होणार नाही, असे लिहिले. ज्यांच्या आग्रहामुळे त्यांना बाहेर पडावे लागले त्यांनीच हे म्हणावे याचे अनेकांना समाधान वाटले, तर काहींना ते उशिरा आलेले वाटले. मला दोन्ही भावना समजतात. हे शब्द पोकळ नव्हते, कारण वॉटर्स यांनी राइट यांच्या हार्मनीच्या, म्हणजे स्वरमेळाच्या, जाणिवेचा नेमका उल्लेख केला होता.

बँड पुन्हा एकत्र येण्याची आशा संपली म्हणून लोक रडले, असेही त्या वेळी म्हटले गेले. २ जुलै २००५ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये ‘लाइव्ह ८’ या गरिबीविरोधी संगीत कार्यक्रमाच्या मंचावर राइट, गिल्मर, वॉटर्स आणि ड्रमवादक निक मेसन हे चौघे २४ वर्षांनी एकत्र उभे राहिले होते, त्यामुळे ती आशा काही जणांना होतीच. पण माझ्या मते हे कारण दुय्यम आहे. चौघांना एका मंचावर पाहण्याची इच्छा वेगळी आणि एका विशिष्ट माणसाच्या हाताचा वजनदार, संथ स्पर्श हरवल्याची जाणीव वेगळी.

ज्याला आपण भेटलो नाही त्याच्यासाठी इतके दुःख खरे असू शकते का, ही शंकाही आपल्या प्रश्नात दडलेली आहे. असू शकते, असे मी ठामपणे म्हणेन. पिंक फ्लॉइडचे श्रोते आपापल्या आयुष्यातील मृत्यू, ताटातुटी आणि एकाकी रात्री याच संगीताच्या आधाराने पार करत आले आहेत. ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ ही राइट यांची रचना तर मृत्यूविषयीच आहे. सुरुवातीला पियानोवर त्यांच्या कॉर्ड एकामागून एक येतात, मरणाची भीती वाटत नाही असे सांगणारा एक बोलका आवाज ऐकू येतो, आणि मग गायिका क्लेअर टॉरी यांचा शब्दविरहित आक्रोश उसळतो. ज्या माणसाने हा पियानो वाजवला तोच गेल्यावर लोकांनी तीच रचना लावली, यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही.

शिवाय शोक सुरांत कसा मांडावा हे त्या श्रोत्यांना शिकवणाऱ्यांत राइट होतेच. बँडचे पहिले नायक सिड बॅरेट मानसिक स्वास्थ्य ढासळल्यामुळे १९६८ मध्ये बँडपासून दुरावले. १९७५ मध्ये त्यांच्याविषयीचे ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ ध्वनिमुद्रित होत असताना ते अचानक लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत आले, तेव्हा जुन्या सोबत्यांना त्यांची ओळखही पटली नाही. त्या रचनेचा शेवटचा, नववा भाग राइट यांचा एकट्याचा आहे. तो विरत जाताना सिंथेसायझरवर बॅरेट यांच्या ‘सी एमिली प्ले’ या जुन्या गीताची ओळ ऐकू येते, इतकी पुसट की लक्ष नसेल तर निसटून जाते. हरवलेल्या मित्रासाठी निवेदन नाही, नाव नाही, त्याच्याच गीताचे काही स्वर. राइट यांच्या स्वभावाविषयी मला जे वाटते ते या ओळीवरून वाटते.

चाहत्यांनी आणि मित्रांनी पुढे जे केले तेही याच वळणाचे होते. २३ सप्टेंबर २००८ रोजी गिल्मर यांनी ब्रिटिश दूरचित्रवाणीवर राइट यांनी लिहिलेले आणि गायलेले, १९६८ च्या अल्बममधील ‘रिमेंबर अ डे’ सादर केले. त्या कार्यक्रमात राइट स्वतः वाजवणार होते, पण प्रकृतीने साथ दिली नव्हती. चाहत्यांनी त्यांचे ‘वेट ड्रीम’ आणि ‘ब्रोकन चायना’ हे फारसे न खपलेले एकल अल्बम शोधून काढले. ज्यांच्या घरी वाद्य होते ते त्यांच्या ‘समर सिक्स्टी-एट’ या गीताच्या कॉर्ड शोधत बसले. २०१४ मध्ये आलेला ‘द एंडलेस रिव्हर’ हा अल्बम १९९३-९४ च्या ध्वनिमुद्रणांतून, मुख्यतः त्यांच्या स्मरणार्थ, घडवलेला आहे. त्यात लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधील भव्य पाइप ऑर्गनवर त्यांनी १९६९ मध्ये वाजवलेला एक तुकडाही वापरला आहे. समीक्षकांनी त्या अल्बमला विस्कळीत म्हटले आणि ते सर्वस्वी चुकीचेही नाही. पण तो आल्यावर लोक पहिल्यांदा कीबोर्डच ऐकू लागले, आणि मला ते मोलाचे वाटते.

‘एकोज’चे काय करायचे, यावर मात्र त्यांच्या दोन सोबत्यांनी वेगळे मार्ग निवडले. ती रचना राइट यांच्याशिवाय वाजवण्यात आपल्याला रस नाही, असे गिल्मर यांनी सांगितले, कारण ती दोघांमधील संवाद होती. मेसन यांनी मात्र आपल्या नव्या बँडबरोबर २०२२ च्या दौऱ्यात ती पुन्हा मंचावर आणली. मला गिल्मर यांचा नकार अधिक जवळचा वाटतो. परंतु मेसन यांच्या कार्यक्रमांना गेलेल्या तरुण श्रोत्यांनी तो पहिला स्वर प्रत्यक्ष ऐकला आणि नंतर तो मुळात कोणाचा याची चौकशी केली असेल, तर मेसन यांनीही योग्यच केले असे मी म्हणेन.