‘कामालाही होईल’ म्हणून घ्यायच्या हप्त्याचा हिशोब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुना प्लेस्टेशन ४ हा गेम कन्सोल आता धापा टाकतोय. वर्षभर बाजूला टाकलेल्या पैशांत प्लेस्टेशन ५ रोखीने येतो. पण मन गेमिंग कॉम्प्युटरवर बसलंय. तो दुपटीहून महाग, म्हणून वरची रक्कम १८ हप्त्यांत फेडायची. तुमची कारणं तीन: ऑनलाइन खेळायला वर्गणी नाही, गेम सेलमध्ये स्वस्त मिळतात आणि ‘तो कामालाही होईल’.

वर्गणीचं तुमचं म्हणणं खरं आहे. फोर्टनाइटसारखे फुकटचे गेम प्लेस्टेशनवर वर्गणीशिवाय चालतात. पण तुम्ही मित्रांबरोबर खेळता तो फुटबॉलचा गेम विकतचा, त्याला ती लागतेच. तुम्ही कळवलेल्या किमतींवरून कन्सोल १०० धरला, तर वर्गणी वर्षाला १५ आणि कॉम्प्युटर २१०. पाच वर्षांत कन्सोल पडतो १७५ ला. म्हणजे नुसत्या वर्गणीत पाऊण कन्सोल गेला! शिवाय ती वाढू शकते. २०२३ च्या सप्टेंबरात वार्षिक वर्गणीचे दर वाढले होतेच. कॉम्प्युटरच्या बाजूला ११० चं कर्ज, तुम्ही लिहिलेल्या १६ टक्के दराने व्याज साधारण १४. एकूण २२४.

मग सेलमधले स्वस्त गेम हा फरक भरून काढतील का? स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात सवलती दणदणीत असतात, नाही कोण म्हणतो? पण त्या थांबणाऱ्याला. तुम्ही पाठवलेल्या यादीत गेल्या वर्षीचे तीन गेम आहेत आणि तिन्ही तुम्ही बाजारात आल्याच्या आठवड्यातच घेतलेत. त्या आठवड्यात कॉम्प्युटरवरही जवळपास पूर्ण किंमतच मोजावी लागते. उलट तुमच्याकडे प्लेस्टेशन ४ च्या १४ डिस्क आहेत. त्यातल्या बहुतेक नव्या यंत्रावर चालतील आणि खेळून झालेली डिस्क विकताही येते. स्टीमवरचा गेम विकता येत नाही. दोन तासांपेक्षा कमी खेळलात आणि घेऊन १४ दिवस झाले नसतील तर पैसे परत मिळतात, एवढंच.

आता ‘कामालाही होईल’. या वाक्यावर मी पेन ठेवून थांबलो, कारण हेच वाक्य मी स्वतःला ऐकवलंय. भारी ग्राफिक्स कार्डाचा कॉम्प्युटर घेतला आणि त्यावर अशिलांच्या एक्सेल शीट उघडल्या. त्या जुन्या मशीनवर उघडायच्या तशाच उघडल्या.

तरी हे कारण मी उडवून लावणार नाही, कारण सगळा निकाल त्यावरच फिरतो. तुमचा लॅपटॉप येत्या वर्षा-दोन वर्षांत बदलावाच लागणार असेल आणि साधा कॉम्प्युटर ८० ला येत असेल, तर कन्सोल अधिक कॉम्प्युटर मिळून २५५ होतात. तेव्हा २२४ वाला एकटाच परवडतो. लॅपटॉप धड असेल तर मात्र ४९ जादा मोजून तुम्ही हौस घेताय, काम नव्हे. तुम्हीच लिहिलंय की लॅपटॉप तीन वर्षांचा आहे आणि ऑफिसचं सगळं त्यावर होतं. व्हिडिओ एडिटिंग शिकायचंय म्हणता, तर दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती घ्या आणि चार मिनिटांचा एक व्हिडिओ शेवटपर्यंत पुरा करा. लॅपटॉप रडला तरी चालेल, तुम्ही टिकलात का ते बघा. टिकलात तर मला पुन्हा लिहा, तेव्हा मी कॉम्प्युटरच्या बाजूने बोलेन.

आज माझं मत कन्सोल, तोही रोखीने. हौसेला माझा विरोध नाही, हे पैसे तुम्ही हौसेसाठीच साठवलेत. खटकतो तो हप्ता. तुमची अडीअडचणीची पुंजी जेमतेम तीन महिन्यांची आहे, अशा वेळी करमणुकीसाठी दीड वर्ष बांधून घेऊ नका. आणि ‘जरा थांबलो तर स्वस्त होईल’ या आशेवरही राहू नका. २०२२ च्या ऑगस्टमध्ये अनेक देशांत याच कन्सोलची किंमत उतरण्याऐवजी चढली.

घेताना एक नक्की बघा: डिस्क ड्राइव्ह आहे ना? डिजिटल आवृत्तीत तो नसतो, महागड्या प्रोमध्येही नसतो. नेमकं हेच विसरलात तर त्या १४ डिस्क शोभेला. आणि जुना प्लेस्टेशन ४ विकायची घाई करू नका, आधी त्यातला सेव्ह डेटा नव्यावर घ्या.