फर्मिऑन आले की विल्सन लूप का चालत नाही?

प्रश्न : मी एमएस्सी फिजिक्सला आहे. लॅटिस गेज थिअरीत (जाळीवर मांडलेल्या फील्डच्या थिअरीत) विल्सन लूप मोजला की कन्फाइनमेंट (चार्ज एकमेकांपासून सुटे न होणं) आहे का ते कळतं असं वाचलं, पण आमचे सर म्हणतात फर्मिऑन (इलेक्ट्रॉन, क्वार्कसारखे कण) घातले की त्याचा उपयोग नाही. मग फेज बदलली हे ओळखायचं कसं? आणि शून्य तापमानाला फेज बदलतेच कशी?

उत्तर : शून्य तापमानाचं आधी उरकून टाकू. उष्णता संपली तरी क्वांटम चढउतार चालूच असतात, आणि हॅमिल्टोनियनमधे (एकूण एनर्जीच्या सूत्रात) दोन गट भांडत असतात, एकाला इलेक्ट्रिक फील्ड शांत हवं, दुसऱ्याला मॅग्नेटिक फ्लक्स. कपलिंग (परस्परक्रियेची ताकद) फिरवत गेलं की कुठेतरी पारडं फिरतं आणि ग्राउंड स्टेटच (सगळ्यात कमी एनर्जीची अवस्था) बदलते. बास, एवढंच.

लूपची गोष्ट जास्त मजेची आहे. विल्सन लूप म्हंजे जाळीवरच्या एका बंद वाटेने गेज फील्डचा केलेला गुणाकार. लोकल गेज सिमेट्री (जाळीच्या प्रत्येक बिंदूवर वेगळी लावता येणारी) आपोआप मोडू शकत नाही (एलिट्झूर, १९७५), त्यामुळे मॅग्नेटसारखा साधा ऑर्डर पॅरामीटर (फेज ओळखून देणारी राशी) इथे मिळतच नाही. म्हणून वेग्नरनी १९७१ मधे झेड-टू थिअरीत (जिथे गेज फील्डला अधिक एक आणि उणे एक अशा दोनच किमती असतात) आणि विल्सननी १९७४ मधे क्वार्कसाठी लूप वापरला. लूप मोठा करत न्यायचा आणि त्याची किंमत क्षेत्रफळाच्या हिशोबाने घटते की परिघाच्या ते बघायचं. क्षेत्रफळाच्या हिशोबाने घटली तर दोन चार्जमधली फ्लक्सची दोरी लांबीच्या प्रमाणात एनर्जी खाते, म्हंजे चार्ज सुटे होत नाहीत.

आता त्याच मूळ चार्जचे फर्मिऑन आत सोडा. दोरी ताणत बसण्यापेक्षा मधेच फर्मिऑन-अँटीफर्मिऑनची जोडी तयार होणं स्वस्त पडतं, दोरी तुटते, दोन्ही टोकं झाकली जातात आणि पुरेशा मोठ्या लूपला परिघाचाच नियम लागतो, फेज कुठलीही असो. सर बरोबर आहेत. फर्मिऑन जड असले तर दोरी बरीच लांब टिकते, म्हणून छोट्या लॅटिसवर हमखास फसायला होतं.

मग बघायचं काय? माझ्या मते सरळ फर्मिऑनकडेच बघावं, त्यांना गॅप आहे का (म्हंजे उत्तेजित करायला ठराविक किमान एनर्जी लागते का), त्यांनी कुठली ग्लोबल सिमेट्री मोडली का. २०१८ मधे झेड-टू गेज फील्ड आणि स्पिनवाले फर्मिऑन यांचं दोन मितींतलं सिम्युलेशन आलं, त्यात एका बाजूला मोकळे डायरॅक फर्मिऑन (मास नसलेले, गॅप नसलेले), दुसऱ्या बाजूला कन्फाइनमेंट, आणि कन्फाइनमेंटबरोबरच अँटीफेरोमॅग्नेटिक ऑर्डर (शेजारचे स्पिन उलटसुलट) पण एकाच ट्रान्झिशनला आलेली दिसली. दोन वेगळ्या गोष्टी एकदम घडणं हे अजिबात ओघाने येत नाही, म्हणून लोकांनी त्यावर एवढी झटापट केली. हे मोजता आलं कारण दोन स्पिन असल्यामुळे तिथे साइन प्रॉब्लेम नव्हता. नाहीतर मॉन्टे कार्लोमधे (रँडम नमुने घेऊन मोजायच्या पद्धतीत) धन-ऋण वजनं एकमेकांना खातात आणि लॅटिस वाढेल तसा खर्च एक्स्पोनेन्शियली वाढतो. त्यातून सुटका म्हणूनच आयन आणि थंड अणूंवरचे क्वांटम सिम्युलेटर आले, २०१६ मधे चार आयनांवर श्विंगर मॉडेल (एका मितीतले फर्मिऑन आणि इलेक्ट्रिक फील्ड) चालवून दाखवलंच की.

तुम्हाला स्वतःला हात घालायचा असेल तर तेच श्विंगर मॉडेल घ्या, एक अधिक एक मितीत (एक जागेची, एक काळाची). गॉसच्या नियमाने गेज फील्ड काढूनच टाकता येतं आणि छोटी साखळी लॅपटॉपवर चालते. थीटा (पार्श्वभूमीचं इलेक्ट्रिक फील्ड ठरवणारा कोन) पाय ठेवा आणि फर्मिऑनचं मास वाढवत जा, मास आणि कपलिंगचं गुणोत्तर साधारण ०.३३ च्या पुढे गेलं की इलेक्ट्रिक फील्ड अधिक किंवा उणे अर्धं यातलं एक निवडतं, म्हंजे इथे फर्मिऑन असूनसुद्धा तुम्हाला चक्क लोकल ऑर्डर पॅरामीटर मिळतो, आणि ट्रान्झिशन आयझिंग मॉडेलच्या (मॅग्नेटच्या सगळ्यात साध्या मॉडेलच्या) जातीचं निघतं.