तीन महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू घरात एकटं ठेवलं की रडतं, काय करावं?

आधी एक सांगते, रडतं म्हणून त्याला ओरडू नका. पिल्लू हट्ट करत नसतं, ते खरंच घाबरलेलं असतं.

बरीच पिल्लं दार लागायच्या आधीच अस्वस्थ होतात, किल्ली वाजली, चपला घातल्या की लगेच. म्हणून दिवसातून बरेचदा किल्ली उचला आणि घरातच बसा. चपला घाला, स्वयंपाकघरात जा. हळूहळू त्या आवाजाची भीती जाते. मग दाराबाहेर काही सेकंद थांबा आणि ते रडायच्या आत परत या. सेकंदांची मिनिटं, मिनिटांचा अर्धा तास, असं वाढवत न्या. रडायला लागलं तर वेळ जास्त झाली असं समजा आणि पुढच्या वेळी कमी करा.

निघण्यापूर्वी फिरवून, शू करवून आणा. रबरी पोकळ खेळण्यात दहीभात भरून द्या. चाटण्यात पिल्लू शांत होतं. या वयात तीन-चार तासांपेक्षा जास्त एकटं ठेवूच नये. शेजारच्या काकूंना मध्ये डोकवायला सांगा.

एवढं करूनही लाळ गळत असेल, दार ओरबाडून नखं रक्ताळत असतील तर पशुवैद्यांना दाखवा.