'व्हिझ.' म्हणजे नक्की किती कागद?

प्रश्न : आमच्या सोसायटीला इंग्रजीत एक पत्र आलं, त्यात 'पुढील कागद जोडा, व्हिझ. आधार, पॅन आणि लाइट बिल' असं होतं. मी तीनच जोडले. सेक्रेटरी म्हणतात व्हिझ. म्हणजे उदाहरणार्थ, रेशन कार्ड वगैरे पण लाव. कोण बरोबर? आणि हे वाचायचं कसं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुम्ही बरोबर, सेक्रेटरींना चहा पाजून सांगा! व्हिझ. नंतर येते ती पूर्ण यादी, नमुना नाही. 'तिन्ही ऋतू, व्हिझ. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा' हे चालतं, पण 'फळं, व्हिझ. आंबा, केळी' लिहिलं की जगात दोनच फळं उरली. तिथे आपलं 'उदा.' पाहिजे, म्हणजे इंग्रजीतलं ई.जी. सगळा घोळ या दोघांचा आहे, आणि ऑफिसच्या पत्रांत तर रोजचाच.

वाचायचं मात्र 'नेमली', म्हणजे इंग्रजी namely, अर्थ 'म्हणजे'. व्हिझ असंही म्हणतात, चूक नाही, पण मोठ्याने वाचताना नेमली बरं. आपण नाही का, पत्राच्या शेवटी ता. क. लिहितो आणि वाचताना ताजा कलम म्हणतो, 'ताक' म्हणत नाही, तसंच. आणि गंमत म्हणजे पोलिसांच्या कागदात 'आरोपी नामे अमुक' असतं ना, ते नामे आणि हे नेमली लांबचे भाऊबंदच, कारण संस्कृत नामन् आणि इंग्रजी नेम यांचं मूळ एकच.

आता व्हिझ.च्या स्पेलिंगमधला (viz.) हा झेड कुठून आला, कारण मूळ लॅटिन शब्द 'विडेलिकेट', त्यात झेड औषधालाही नाही. 'विडेरे लिकेट', म्हणजे 'बघायला मोकळीक आहे', त्यावरून 'उघडच दिसतंय', 'अर्थात', आणि मग 'म्हणजे'. मध्ययुगात पोथ्या हाताने उतरवायच्या, चर्मपत्र महाग, त्यामुळे लेखनिक शब्दाच्या शेवटचं 'एट' लिहायचेच नाहीत, त्याऐवजी एक खूण करायचे, साधारण आपल्या ३ सारखी, खाली शेपूट असलेली. व्ही, आय आणि ही खूण, झालं काम. पुढे छपाई आली, ती खूण झेडसारखी दिसायची म्हणून छापणाऱ्यांनी सरळ झेडचा खिळा (छपाईचं धातूचं अक्षर) लावला आणि तो कायमचा चिकटला. म्हणजे हा झेड अक्षर नाहीच मुळात, आडनाव बदललेली खूण आहे. स्कॉटलंडमधल्या मेन्झीस आडनावातला झेडही असाच खिळ्यांमुळे आलाय, तिथे 'योघ' नावाचं जुनं अक्षर होतं, म्हणून जुन्या वळणाची माणसं ते अजून 'मिंगिस' म्हणतात.

आणखी एक, 'व्हिझ-अ-व्हिझ' असं लिहिलेलं दिसलं तर ते हे नव्हे. तो फ्रेंच वाक्प्रचार, समोरासमोर किंवा च्या तुलनेत अशा अर्थाचा, आणि त्याच्या स्पेलिंगमध्ये झेड नसून एस आहे.

तुमचे तीन कागद पुरे. रेशन कार्ड घरीच ठेवा.