क्रिकेटचे वेड आणि शेतावरची कुत्री: दोन्ही एका घरात निभतात का?

आपण विचारले आहे की, पुण्याची नोकरी सोडून आपण वर्धा जिल्ह्यातील सासरच्या शेतावर कायमचे राहायला येत आहात, क्रिकेटचा सामना चुकला तर आपल्याला चैन पडत नाही, आणि शेतावर कुत्री पाळण्याचीही इच्छा आहे. तर या दोन्हींचा रोजचा मेळ खेड्यात कसा बसतो, आणि पिल्लू लॅब्रॅडॉरचे आणावे की गावठी.

मी सेलू तालुक्यातील एका लहान गावात राहतो. घर वस्तीपासून थोडे बाजूला, वावराला लागून आहे, आणि बोर व्याघ्र प्रकल्पाचे जंगल फार लांब नसल्यामुळे रानडुकरे, रोही (नीलगायी) आणि अधूनमधून बिबट हा आमच्या रोजच्या बोलण्यातला विषय असतो. घरी सध्या तीन कुत्री आहेत. त्यांतली सर्वांत जुनी वाघी. 1 जानेवारी 2018 रोजी इंदूरला विदर्भाने दिल्लीला हरवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, त्याच थंडीत ती गोठ्याच्या मागे कडब्यात सापडलेल्या पिल्लांमधून आमच्याकडे राहिली. दुसरा काळ्या. तिसऱ्या पिल्लाला माझ्या मुलाने एका प्रसिद्ध फलंदाजाचे नाव दिले होते, परंतु चार घरे पलीकडच्या गृहस्थांच्या मुलाचेही तेच नाव निघाले आणि ते संध्याकाळी येऊन म्हणाले, "भाऊ, माह्या पोट्ट्याच्या नावानं तुम्ही कुत्र्याले हाका मारता काहो?" तेव्हापासून तिचे नाव गुगली, म्हणजे अपेक्षेच्या उलट वळणारा चेंडू, असे आहे, आणि हाक मारली की ती नेमकी उलट दिशेला वळत असल्यामुळे ते तिला शोभतेही.

मेळ बसतो, असे माझे उत्तर आहे. मात्र कसोटी आणि रणजी यांच्याशी तो जितका सहज बसतो, तितका रात्रीच्या वीस षटकांच्या सामन्यांशी बसत नाही. शेतावरच्या कुत्र्याचे खरे काम अंधार पडल्यावर सुरू होते आणि आजकाल क्रिकेटचेही तेच झाले आहे, हे या अडचणीचे मूळ आहे.

सकाळपासून सांगतो. हिवाळ्यात भारताचा संघ ऑस्ट्रेलियात असला, तर मेलबर्न आणि सिडनीचे सामने आपल्याकडे पहाटे पाचला सुरू होतात, आणि ती आमची गाईचे दूध काढण्याची वेळ असते. गोठ्याच्या मेढीला खिळा ठोकून त्यावर मी मोबाईल अडकवतो, आवाज बारीक ठेवतो आणि बादली घेऊन बसतो. रात्रभर तुरीच्या आणि हरभऱ्याच्या वावरात फिरलेली कुत्री त्याच सुमारास परततात, दंवाने ओली झालेली असतात आणि पोटाला कुत्र्याची फळे चिकटलेली असतात (या रानफळाला आमच्याकडे हेच नाव आहे, त्यात विनोद नाही). डिसेंबर 2024 मध्ये नितीशकुमार रेड्डीने मेलबर्नला शतक केले, तो सगळा डाव मी असाच तुकड्यातुकड्यांनी पाहिला: दोन षटके, मग वाघीच्या कानामागची गोचीड, पुन्हा एक षटक. गोचीड काढण्याचे काम दोन चेंडूंमधल्या वेळेत व्यवस्थित होते, असा माझा अनुभव आहे. ती चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढावी, चिरडू नये, आणि रॉकेलच्या डबीत टाकावी. हा कंटाळवाणा उद्योग टाळू नका, कारण गोचिडांमधून कुत्र्यांना रक्ताचे आजार होतात, आणि कुत्रे खाणे सोडून कोपऱ्यात पडून राहिले व हिरड्या पांढऱ्या दिसू लागल्या, तर तोवर बराच उशीर झालेला असतो.

रणजीचे सामने साडेनऊला सुरू होतात आणि साडेचारला संपतात. या वेळात आमची कुत्री सावलीत झोपलेली असतात, त्यामुळे कोणाचेच कोणावाचून अडत नाही. विदर्भाचा केरळविरुद्धचा रणजीचा अंतिम सामना आमच्यापासून तासा-सव्वा तासाच्या अंतरावर, नागपूरजवळ जामठ्याच्या मैदानावर, 26 फेब्रुवारी 2025 रोजी सुरू झाला. त्या दिवशी महाशिवरात्र होती. घरात उपवास असल्याने भाकर टाकलेली नव्हती, म्हणून कुत्र्यांनाही सकाळी भगर आणि ताक मिळाले, आणि मी मोटारसायकल काढून गेलो. विदर्भाचे तीन गडी चोवीस धावांत गेले, तेव्हा उगाच आलो असे वाटले. पण नंतर दानिश मालेवार आणि करुण नायर यांनी जी दोनशेहून अधिक धावांची भागीदारी केली, ती मैदानात बसून पाहण्याचे भाग्य मला लाभले. परत आलो तेव्हा अंधार झाला होता आणि वाघी फाट्यावर, एसटीच्या निवाऱ्याखाली बसलेली होती. दुपारी चारपासून ती तिथे होती, असे पानठेल्यावाल्याने सांगितले. त्यानंतरचे चारही दिवस मी सामना मोबाईलवर पाहिला.

आता रात्रीचे सांगतो. आयपीएलचे सामने साडेसातला सुरू होतात, आणि एप्रिल-मे महिन्यांत आमच्या वावरात उन्हाळी भुईमूग असतो. शेंगा भरू लागल्या की डुकरे तो उकरून काढतात. एका रात्रीत एक कळप अर्धा एकर नांगरल्यासारखा करून जातो. त्यामुळे जागलीला, म्हणजे रात्री पिकाची राखण करायला, जावेच लागते. मचाणावर बसून मोबाईलवर सामना पाहणे ऐकायला फार रम्य वाटते, परंतु पडद्याच्या उजेडाने डोळे दिपतात, खालचा अंधार आणखी दाट होतो, आणि दोन्ही कानांत इअरफोन घातले तर कुत्री काय सांगत आहेत हे कळतच नाही. त्यांच्या भुंकण्यात बराच फरक असतो. माणूस आला तर ती थांबून थांबून आणि एकाच जागेवरून भुंकतात. डुकरे आली तर आवाज पुढे पुढे सरकत जातो. आणि बिबट जवळपास असला, तर आमची कुत्री भुंकणे बंद करून कुंईकुंई करत थेट पायांत येऊन बसतात. म्हणून मी एकाच कानात इअरफोन घालतो आणि धावफलक अधूनमधून पाहतो. बिबट कुत्री उचलून नेतो, तेव्हा आपल्या घरी रात्री त्यांना मोकळे सोडणार असाल, तर निदान गळ्यात रुंद, जाड पट्टा असावा; आणि बिबट्याची चाहूल लागलेल्या रात्री मी भुईमुगाचा विचार न करता कुत्र्यांना घरात घेतो, मग डुकरांनी काय करायचे ते करावे.

29 जून 2024 ची रात्र मी अजून विसरलेलो नाही. बार्बाडोसचा वीस षटकांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना आपल्याकडे रात्री आठला सुरू झाला. पेरणी नुकतीच आटोपली होती, घरात सगळे जमले होते, वीजही गेली नव्हती, हेच मोठे नवल होते. शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला सोळा धावा हव्या होत्या आणि समोर त्यांचा फलंदाज मिलर होता. हार्दिक पंड्या चेंडू हातात घेऊन वळला आणि त्याच क्षणी गोठ्याकडून काळ्याचा असा आवाज आला की, मी टॉर्च घेऊन पळालो. सरपणाच्या ढिगाजवळ घोणस वेटोळे घालून कुकरसारखी फुत्कारत होती, आणि काळ्या तिच्यापासून हातभर अंतरावर, पुढचे पाय ताठ करून, मान खाली घालून उभा होता. एक पाऊल मागे घेईना, आणि मीही पुढे जाऊ शकेना. शेवटी भाकरीचा टोपला जमिनीवर आपटून मी त्याचे लक्ष वेधले, पट्ट्याला धरून मागे ओढले, आणि घोणस सरपणात शिरली. घरातून आरडाओरडा ऐकू आला. सूर्यकुमार यादवने सीमारेषेवर आत-बाहेर करत घेतलेला मिलरचा तो झेल पुढे मी शंभर वेळा पाहिला आहे, पण घडताना पाहिलेला नाही. दुसऱ्या दिवशी सरपणाचा ढीग गोठ्यापासून दूर हलवला. हे काम आपण पहिल्याच आठवड्यात करावे, असे मी सुचवेन.

मात्र त्या रात्रीचा खरा त्रास झेलानंतर सुरू झाला, आणि क्रिकेटवेड्या माणसाने कुत्रे पाळण्याआधी ज्याचा विचार करायला हवा, ती गोष्ट हीच आहे, म्हणजे फटाके. माणसाला साधारण वीस हजार हर्ट्‌झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून अधिक. आणि आपल्याला कारण माहीत असते, त्याला नसते. 12 नोव्हेंबर 2023 रोजी लक्ष्मीपूजन आणि विश्वचषकातला भारत-नेदरलँड्स सामना एकाच दिवशी आले, भारताने चारशेच्या वर धावा केल्या, आणि गावात दिवाळीचे फटाके कोणते व शतकांचे कोणते हे ओळखू येईना. काळ्याला मी ओसरीच्या खांबाला दोरीने बांधले होते, ही माझी चूक होती. त्याने दोरी तोडली आणि तो तिसऱ्या दिवशी, मागचा पाय लंगडत, दोन गावे पलीकडून परत आला. बांधलेले कुत्रे घाबरले तर गळफास लागण्याचीही भीती असते. आता मी सामना रंगू लागला की, निकालाची वाट न पाहता तिघांनाही आतल्या खोलीत घेतो, खिडकी लावतो आणि कूलर पूर्ण वेगाने सुरू करतो. त्याच्या घरघरीत बाहेरचे आवाज बरेच बुडतात. त्या दिवाळीनंतर आठवड्याने, 19 तारखेला, अहमदाबादला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात आपण ऑस्ट्रेलियाकडून हरलो. गावात कोणी जेवले नाही, आणि आमची कुत्री मात्र अंगणात पाय वर करून झोपली होती.

या बाबतीत एक गोष्ट मला आजही खुपते. 2 मार्च 2025 रोजी सामना अनिर्णित राहून पहिल्या डावातील आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला, तोही आमच्याच दारात, आणि गावात एक लवंगी फुटली नाही. आठवड्यानंतर, 9 मार्चला, दुबईत चॅम्पियन्स करंडक जिंकल्यावर मध्यरात्रीपर्यंत आकाश पेटलेले होते. क्रिकेटप्रेमी म्हणून मला पहिल्या गोष्टीचे वाईट वाटले, आणि वाघीच्या पाठीवर हात ठेवून बसलेला असताना त्याच गोष्टीचे बरेही वाटले.

गावच्या सामन्यांबद्दल आपण विचारलेले नाही, पण आपण खेळायला जालच आणि कुत्री मागे येतीलच, म्हणून थोडक्यात सांगतो. सोयाबीन निघाल्यावर पडीक वावरात जी खेळपट्टी तयार होते, तिथे कुत्र्याने चेंडू पळवला तर आमच्याकडे तो चेंडू मृत धरतात, आणि कुत्रे ज्याचे असेल त्याने चेंडू आणून द्यायचा असतो. टेनिसचा चेंडू चघळू देऊ नये. त्याचा तुकडा आतड्यात अडकतो. आणखी महत्त्वाचे म्हणजे, अशाच एका खेळात एका मुलाला भटक्या पिल्लाचा दात लागला, आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात लस संपलेली असल्यामुळे आम्हाला त्याला घेऊन दुसरीकडे धावावे लागले. जखम लहान असली तरी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, हळद-चुना काही लावू नये, आणि इंजेक्शने त्याच दिवशी सुरू करून ठरलेल्या तारखांना पूर्ण करावीत, कारण रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर उपाय जवळपास उरत नाही. आपल्या कुत्र्यांना दरवर्षी लस टोचून घ्यावी आणि त्याची तारीख लिहून ठेवावी; माझी ती सामन्यांच्या वेळापत्रकाच्या कागदावरच, लाल शाईने लिहिलेली असते.

राहिला लॅब्रॅडॉरचा प्रश्न. आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते मुख्यतः धापा टाकून शरीर थंड करते, आणि मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. दाट केसांचे, जाड अंगाचे ते जनावर दुपारभर कूलरसमोर पडून राहील आणि वीज गेली की तुमच्या जिवाला घोर लागेल. गावठी कुत्रे नालीच्या ओल्या मातीत स्वतःच खड्डा करून बसते.

गावठी पिल्लू घ्यायचे असेल तर जानेवारीत घ्या. भादव्यात कुत्री माजावर येतात, दोन महिन्यांनी वितात, म्हणजे पौषात पिल्ले दोन महिन्यांची होऊन आईपासून वेगळी करण्याजोगी झालेली असतात. तेव्हा लगेच जंताचे औषध आणि पार्व्हो-डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजारांवरच्या लसीचा पहिला डोस द्यावा, तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस, आणि मधले डोस पशुवैद्यकांच्या सांगण्याप्रमाणे. मार्चच्या शेवटी आयपीएल सुरू होईपर्यंत ते पुरेसे मोठे झालेले असते, आणि मधल्या काळात दिवसा रणजीचे सामने चालू असतात, तेव्हा तुम्हाला त्याच्याजवळ बसून राहायला कारणही मिळते.