छातीवर कोणीतरी बसतं, ते खरं की भास?

एमआयडीसीत पाळीवर काम करणारा चोविशीतला तरुण. पहाटे डोळे उघडे असतात, खोली दिसते, पण हात हलत नाही, आवाज फुटत नाही आणि छातीवर कोणीतरी बसलेलं असतं. आईचं म्हणणं बाहेरची बाधा, भावाचं म्हणणं मनाचे खेळ. "मी नक्की काय मानू?" असं त्याने विचारलं.

आधी दोन गोष्टी वेगळ्या केल्या: काय घडलं आणि कशाने घडलं. घडलं ते खरंच होतं. भावाने ते उडवून लावल्यामुळे तो मांत्रिकाकडे जायला निघाला होता.

स्वप्नांच्या झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू सैल सोडतो. जाग आधी आली आणि स्नायू मागे राहिले, तर काही सेकंद ते एक-दोन मिनिटं माणूस जखडतो, अर्धवट स्वप्नही चालूच राहतं. याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. जपानात हाच अनुभव 'कानाशिबारी' म्हणून ओळखला जातो. अपुरी झोप, बदलती पाळी आणि उताणं झोपणं यांनी तो वाढतो.

हेही त्याने ऐकून मान्य करायचं नव्हतं, तपासायचं होतं. उशाशी वही. रोज उठल्यावर पाळी, झोपेचे तास, कुशीवर की उताणा, प्रकार घडला का. बहुतेक जण फक्त वाईट रात्री लिहितात आणि वही वाया जाते, कारण ताडून बघायला शांत रात्रीही हव्यात. एका वेळी एकच बदल करायचा: आधी नुसतं कुशीवर झोपणं, मग झोपेची वेळ. आईने बांधलेला ताईत काढायला लावला नाही. बांधल्याची तारीख तेवढी लिहायला सांगितली. त्रास कळसाला पोचल्यावरच माणूस ताईत बांधतो, आणि कळसानंतरचा उतार ताईताच्या खात्यात जमा होतो.

वहीत ताईत असतानाही प्रकार घडलेला दिसला, बहुतेक वेळा रात्रपाळीनंतर. एका रात्री मात्र घरात सगळ्यांनीच दारावर थाप ऐकली होती. तिच्यापुढे 'कारण माहीत नाही' एवढंच लिहिलं. तिथे भूतही घातलं नाही, ओढूनताणून मांजरही नाही.

दिवसा आवरत नाही अशी झोप येणं, हसताना गुडघे ढिले पडणं किंवा झोपेत जीभ चावली जाणं, यांपैकी काही असेल तर वहीवर थांबू नये, मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावं. त्याला यांतलं काही नव्हतं.